खनिजाच्या धुराचा हिशेब

खाणी पुन्हा सुरू व्हाव्यात की होऊ नयेत, हा वाद गोमंतकाने एका तपाहून अधिक काळ घातला. न्यायमूर्ती शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये खाणकाम थांबले. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून ते सुरू होण्यास वाट करून दिली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्दबातल ठरविल्यावर १६ मार्चपासून ते दुसऱ्यांदा बंद पडले. डिसेंबर २०२२ मध्ये लिलावांना आरंभ झाला आणि २०२४ मध्ये डिचोलीच्या पट्ट्यातून खनिज पुन्हा बाहेर पडू लागले. तेव्हा 'सुरू की बंद' हा वाद काळानेच मागे टाकला आहे. खाण चालणारच असेल तर ती कशी चालावी, हा प्रश्न उरतो. आणि त्या प्रश्नाला आता एक नवे कलम जोडले गेले आहे. ते म्हणजे कर्बवायूच्या उत्सर्जनाचे.

२०२१ मध्ये ग्लासगो येथे भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाची प्रतिज्ञा जगासमोर केली. तेव्हापासून 'हरित खाणकाम' हा शब्द परिषदांच्या मांडवात आणि कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत मुक्त संचार करू लागला आहे. विजेवर चालणारे चार ट्रक उभे करावेत, कचेरीच्या छपरावर सौर तावदाने बसवावीत, खाणीच्या तोंडाशी शे-दोनशे रोपे लावून छायाचित्र काढावे, की खाण हिरवी झाली! आम्ही या गोष्टींची थट्टा करीत नाही. पण धूर नेमका कोठून निघतो हे ठाऊक नसताना तो कमी केल्याच्या घोषणा करणे म्हणजे रोग न तपासता औषध देणे होय. म्हणून आधी साधी बेरीज-वजाबाकी करून पाहू.

समजा, दहा टन खनिज भरलेला ट्रक खाणीपासून जेटीपर्यंत पंधरा किलोमीटर जातो आणि रिकामा परत येतो. तीस किलोमीटरच्या या खेपेला, लिटरमागे तीन किलोमीटर धरले तर, दहा लिटर डिझेल लागेल. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कर्बवायू बाहेर पडतो. म्हणजे एका खेपेचे २७ किलो. एका टन खनिजामागे पावणेतीन किलोंच्या आत. न्यायालयाने घातलेल्या दोन कोटी टनांच्या मर्यादेइतके खनिज असे वाहायचे झाले तर वीस लाख खेपा होतील, दोन कोटी लिटर डिझेल जळेल आणि ५४ हजार टन कर्बवायू आपल्या रस्त्यांवर सुटेल. आकडा लहान नाही.

पण हेच खनिज पुढे झोतभट्टीत जाते. लोहखनिज म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांचे संयुग. त्यातील प्राणवायू काढून घेण्यासाठी कोक जाळावा लागतो आणि कोकमधला कर्ब त्या प्राणवायूशी मिळून कर्बवायू होतो. भारतात एक टन पोलादामागे सरासरी अडीच टनांच्या आसपास कर्बवायू बाहेर पडतो. जगाची सरासरी दोन टनांच्या थोडी आत आहे. दीड टन खनिजातून एक टन पोलाद, असा ढोबळ हिशेब धरला तर आपल्या दोन कोटी टनांतून निघणाऱ्या पोलादामागे भट्टीत अडीच ते सव्वातीन कोटी टन कर्बवायू निर्माण होईल. कोठे ५४ हजार आणि कोठे अडीच कोटी! खाणीपासून जेटीपर्यंतचा धूर हा भट्टीतल्या धुराच्या पाचशेव्या हिश्श्याच्या आसपास भरतो. खाणीतील यंत्रे, पंप आणि बार्ज यांची भर घातली तरी प्रमाण फारसे पालटत नाही.

हा हिशेब खाणमालकांना आवडेल. धूर आमचा नव्हे, तो चीनमधल्या किंवा कर्नाटकातल्या भट्टीचा, असे ते म्हणू शकतील. २०१०-११ साली गोमंतकातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज परदेशी गेले आणि त्यातील बहुतेक चीनला गेले. तो धूर आपल्या आकाशात दिसला नाही हे खरेच आहे. पण नफा आमचा आणि धूर तुमचा ही वाटणी आता जगाच्या बाजारातही मान्य होईनाशी झाली आहे. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम इत्यादी आयात मालाच्या कर्बाची नोंद मागितली आणि १ जानेवारी २०२६ पासून त्यावर प्रत्यक्ष आकारणीचे पर्व सुरू केले. कच्चे लोहखनिज त्या यादीत नाही. पण खनिजाच्या भाजलेल्या गोळ्या, ज्यांना पेलेट म्हणतात, त्या आहेत. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये 'हरित पोलाद' कशाला म्हणावे याची व्याख्या केली, टनामागे २.२ टनांच्या आत कर्बवायू असेल तरच ते बिरुद मिळेल. भट्टीवाल्याच्या मानेवर हे जोखड आले की तो खाणवाल्याला पहिला प्रश्न विचारणार : तुमच्या खनिजात लोह किती आणि माती किती?

आणि येथेच गोमंतकाचे खरे दुखणे आहे. आपले खनिज बहुतांशी ५८ टक्क्यांच्या खालचे, सिलिका आणि ॲल्युमिना यांनी लडबडलेले. ही माती भट्टीत वितळवून मळीच्या रूपाने बाहेर काढावी लागते आणि त्यासाठी जादा कोक जाळावा लागतो. स्वीडनमध्ये २०२१ साली हायड्रोजनच्या साह्याने, कोक न वापरता, लोखंड तयार करून दाखविण्यात आले. परंतु त्या मार्गाला ६७ टक्क्यांच्या आसपास लोह असलेले खनिज लागते. आपल्या मालाला तेथे सहजी प्रवेश नाही. यावर उपाय म्हणजे खनिज खाणीवरच धुऊन, चाळून, शुद्ध करून मग पाठविणे. त्याला वीज लागते, पाणी लागते, आणि उरलेला चिखल नीट साठविला नाही तर तो शेतात उतरतो, हे सर्व खरे. तरीही गोमंतकातील खाणींना कर्बवायूच्या संदर्भात काही मोठे काम करता येण्यासारखे असेल तर ते हेच आहे. आमोणे येथील बिडाच्या कारखान्यात भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर वीज निर्माण करण्याची सोय आहे. असा शहाणपणा मुळीच नवा नाही. तो खाणींच्या तोंडापर्यंत आला नाही इतकेच.

भट्टीतला धूर मोठा म्हणून खाणीतला धूर क्षम्य ठरतो काय? आमच्या मते मुळीच नाही. कारण खाणीत जळणारे डिझेल आणि खर्च होणारी वीज ही गावाच्या इतर सर्व दुःखांची नोंदवही आहे. एक टन खनिज काढण्यासाठी अडीच ते तीन टन माती उपसावी लागते. ती उपसणारे यंत्र डिझेल पिते, आणि तीच माती पावसाळ्यात ओहोळांतून वाहत येऊन शेतात बसते. खंदक भूजलाच्या पातळीखाली गेला की पंप लावावा लागतो. पंपाचे बिल वाढते, आणि त्याच वेळी शेजारच्या गावातील विहीर आटते. लईराईच्या होमकुंडासाठी साऱ्या गोमंतकाला ठाऊक असलेल्या शिरगावातील विहिरींची कहाणी न्यायालयापर्यंत गेली होती, हे वाचकांना आठवत असेल. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात विहिरी कोरड्या पडाव्यात आणि त्या कोरड्या पाडण्यासाठी कोळशाची वीज जाळली जावी, याला काय म्हणावे? ज्या खंदकात पंप कमी चालेल तेथे विहिरीत पाणी राहील आणि कर्बवायूही कमी होईल. हवामानाचा प्रश्न आणि पाण्याचा प्रश्न येथे एकाच मीटरवर मोजता येतो.

कोळशाची वीज म्हणण्याचे कारण असे, की गोमंतकाला स्वतःचे मोठे वीज केंद्र नाही. आपली बरीचशी वीज कोरबा, विंध्याचल येथील कोळशाच्या केंद्रांतून येते. देशाच्या वीजजाळ्यातील एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कर्बवायू पडतो. तेव्हा विजेचा ट्रक या विजेवर धावला तर सोनशी किंवा पाळी-वेळग्याच्या रस्त्यावरचा धूर जाईल, आणि ते तेथील मुलाबाळांच्या फुप्फुसांच्या दृष्टीने थोडे नव्हे. पण जगाच्या हिशेबात बचत अल्पच राहील. धूर सत्तरीतून उचलून छत्तीसगडात नेऊन टाकणे याला उत्सर्जन घटविणे म्हणत नाहीत. ट्रक विजेचे करायचे तर त्यांची वीजही सूर्याची असली पाहिजे. त्यासाठी नवी जमीन शोधण्याचे कारण नाही. वापरून संपलेले खंदक आणि स्थिर झालेले डंप खाणपट्ट्यात ढिगाने आहेत.

स्वीडनमधील किरूना येथील खाणीचे उदाहरण या बाबतीत पाहण्याजोगे आहे. तेथील खनिज विजेच्या आगगाडीने डोंगर उतरून नॉर्वेच्या नार्विक बंदरात जाते. भरलेली गाडी उतरताना ब्रेक लावला की वीज निर्माण होते, ती तारांत परत जाते आणि रिकाम्या गाड्या चढविण्याच्या कामी येते. आपल्याकडे नेमके उलटे चित्र आहे. मुरगावला उतरणारा कोळसा कुळे ते कॅसलरॉक या, ३७ फुटांत एक फूट चढणाऱ्या घाटातून वर चढविला जातो आणि रिकामी गाडी खाली येते. निसर्गाने उतार दिला आहे, तो आपण उलट्या दिशेने वापरतो! याच मार्गाच्या दुपदरीकरणाविरुद्ध लोक २०२० साली चांदरच्या रुळांवर रात्रभर बसले होते, आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कामाची वन्यजीव परवानगी रद्द केली. 'गोंयात कोळसो नाका' या घोषणेकडे खाणीच्या प्रश्नापासून वेगळे म्हणून पाहता येणार नाही. लोहखनिज आणि कोळसा या एकाच भट्टीच्या दोन तोंडांत पडणाऱ्या वस्तू आहेत, आणि गोमंतक त्या दोहोंची वाट आहे.

वाहतुकीच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या पूर्वसूरींनी बरोबर केली होती. मांडवी आणि जुवारी यांच्या पाण्यावरून बार्जने खनिज नेण्याची पद्धत टनामागे डिझेलच्या दृष्टीने ट्रकहून कितीतरी स्वस्त. पावसाळ्यात आग्वादचा दांडा ओलांडता येत नाही तेव्हा कुंभारजुवे कालवा होताच. तेव्हा वाचवायचे ते खाण ते जेटी हे दहा-पंधरा किलोमीटर. यावर तज्ज्ञांचे उत्तर तयार आहे : सरकता पट्टा बसवा. पट्टा विजेवर चालतो, धूळ उडत नाही, उतार असेल तर वीज फारच कमी लागते. सर्व मान्य. पण ज्यांनी बँकेचे कर्ज काढून ट्रक घेतले, २०१२ साली एकदा आणि २०१८ साली दुसऱ्यांदा दारातील ट्रक गंजताना पाहिले, त्यांना 'आता तुमची गरज नाही, हवामान वाचवायचे आहे' हे कोण सांगणार? सांगे, सावर्डे, कुडचडे, उसगाव, डिचोली येथील हजारो घरांच्या चुली या पंधरा किलोमीटरांवर पेटतात. कर्बवायू कमी करण्याचा खर्च सर्वांत दुबळ्या माणसाच्या खिशातून काढण्याची ही तऱ्हा आम्हांला मान्य नाही.

पैसा कोठून आणायचा, हा प्रश्नही फसवा आहे. २०१४ च्या निकालानेच खनिजाच्या विक्रीतील दहा टक्के रक्कम भावी पिढ्यांसाठीच्या कायम निधीत टाकण्याचा आदेश दिला. २०१५ च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. त्यांचा पैसा खाणग्रस्तांसाठीच आहे. ट्रकमालकांच्या सहकारी संस्था स्थापून त्यांना विजेचे ट्रक आणि सौर भारण केंद्रे यांसाठी प्रतिष्ठानांतून भांडवल देता येईल. म्हणजे चाकही त्यांचे राहील आणि धूरही जाईल.

खेद याचा, की लिलावाच्या वेळी ही संधी सरकारने हातची घालविली. २०२२ च्या लिलावात बोली लावणाऱ्यांनी विक्रीमूल्याच्या साठ टक्क्यांहून अधिक, काहींनी तर नव्वदहून अधिक हिस्सा सरकारला देऊ केला. तिजोरीच्या दृष्टीने हे नेत्रसुखद आहे. पण जो एवढा हिस्सा देऊन बसला तो उरलेल्या पैशांतून पंप, ट्रक, धुलाई यांवर किती खर्च करील? बोलीचा निकष एकच : हिस्सा किती. डिझेल किती जाळणार, पाणी किती उपसणार, याला त्यात स्थान नव्हते. केंद्राने कर्बव्यापाराची जी योजना आखली आहे तिच्यात पोलाद, सिमेंट, खते, कापड आहे, खाणकाम नाही. म्हणजे वरूनही कोणी विचारणार नाही.

यापुढील पट्ट्यांचे करार करताना तरी प्रत्येक टन खनिजामागे किती लिटर डिझेल, किती युनिट वीज आणि किती पाणी उपसले, याचा मासिक तक्ता त्या त्या पंचायतीच्या फलकावर लावण्याची अट घालावी, आणि जुन्या डंपांतील माल आधी उचलावा, कारण तेथे सुरुंगही लागत नाही आणि पंपही. पावसाळा ओसरला की ऑक्टोबरात हंगाम सुरू होतो; त्यापूर्वी या तक्त्याचा नमुना ठरवून देण्यास खाण व भूगर्भ खात्याला कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही.