पेठेतले जुने घर विकू नका, उभे करा

घर फिरले म्हणजे घराचे वासे फिरतात, अशी आपल्यात म्हण आहे. आमच्या मुलखात मात्र हल्ली उलटा प्रकार दिसतो. आधी वासा फिरतो आणि मागाहून घर फिरते. मृगाच्या पावसात एक कौल सरकते. ते सरळ करावयास घरात माणूस नाही. असला तर तो म्हणतो, बारा हिस्सेदारांचे घर, मी एकट्याने खर्च का करावा? दुसऱ्या वर्षी रीप कुजते, तिसऱ्या वर्षी वासा जातो, पाणी भिंतीत उतरते. मग मुंबईचे चाकरमानी चतुर्थीला येतात, भिंतीवरची ओल पाहतात, आणि आरती संपण्यापूर्वीच विक्रीची गोष्ट निघते. एका कौलाची हयगय, आणि वाडवडिलांची जागा दुसऱ्याच्या हाती!

मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी, कुठल्याही पेठेतून जरा डोळे उघडून चाला. देशावर जसे विटांचे वाडे, तशी आमची जांभ्या चिऱ्यांची घरे. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड, माळ्यावर माल, मागील दारी विहीर. वर मंगळुरी कौले. ही कौले पाडणारा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरास काढला आणि पुढे साऱ्या किनाऱ्यावर त्यांचा प्रसार झाला. अशा घरात सोनाराने भाता फुंकला, शिंप्याने यंत्र चालविले, सुताराने रंधा मारला, आणि त्याच छपराखाली त्यांची पोरे वाढली. धंद्याला वेगळे भाडे नाही, राहावयास वेगळे भाडे नाही. गरीब कारागीर दोन पैसे शिल्लक टाकू शकला तो ह्या सोयीमुळे. आज तीच जागा आम्ही मातीमोल समजू लागलो!

विकणाऱ्यास आम्ही एकच हिशेब विचारतो. आलेल्या रकमेचे बारा वाटे झाले म्हणजे तुझ्या पदरी काय पडले? त्यातून एक लग्न निघाले, एक जुने कर्ज फिटले, संपले. घेणारा मात्र त्या जागेवर पिढ्यान् पिढ्या कमावील. सिंधुदुर्ग जिल्ह्यास १९९७ साली पर्यटन जिल्हा ठरविले, तेव्हापासून रस्त्याकडेच्या जागेवर कितीजणांचा डोळा आहे हे काय आम्ही सांगावे? उद्या त्याच जागी हॉटेल उभे राहील आणि तुझा मुलगा तेथे ताटे उचलण्याची नोकरी मागावयास जाईल. मालकाचा चाकर होण्यास एक सही पुरते, बाबांनो. चाकराचा मालक होण्यास सात पिढ्या पुरत नाहीत.

कोणी म्हणेल, जुने घर दुरुस्त करून त्यात राहणे आणि धंदा करणे हे बोलावयास सोपे आहे. तर मग सावंतवाडीस जाऊन पहा. मोतीतलावाच्या काठी, गावाच्या अगदी मध्यावर संस्थानिकांचा जांभ्याचा राजवाडा आहे. तिसरे खेमसावंत (कारकीर्द १७५५ ते १८०३) यांच्या वेळचे ते बांधकाम. संस्थान गेले, वाडा राहिला. १९७० च्या सुमारास शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनी मरू घातलेली गंजिफाची कला पुंडलिक चितारी ह्या वृद्ध कारागिराकडून शिकून घेतली आणि वाड्यातच चितारणारांना बसविले. तेव्हापासून तेथे गोल पत्ते रंगतात, लाखकाम होते, आणि ते विकतही मिळतात. अलीकडच्या वर्षांत आवारातील एका भागाची दुरुस्ती करून तेथे पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय झाली. राजघराणे तेथेच नांदते आहे. म्हणजे राहणे, कारखाना आणि व्यापार, तिन्ही एका छपराखाली.

राजांच्या घरी पैसा होता, आमच्याकडे कोठे आहे, असे म्हणाल. खरे आहे. पण त्या वाड्याची कीर्ती ज्या पत्त्यांनी झाली ते पत्ते कारागिराच्या हातचे आहेत, हेही विसरू नका. आणि नुसत्या पैशाने इमारत टिकत असती तर वेंगुर्ल्याची डच वखार का पडती? सतराव्या शतकातील ती इमारत, समुद्रापलीकडच्या श्रीमंत कंपनीने बांधलेली. वापर संपला, माणूस हलला, छप्पर गेले, आणि भिंतींत झाडांची मुळे शिरली. ज्या घरात चूल पेटते आणि दुकानाची फळी रोज उघडते, त्या घराचे सरकलेले कौल त्याच दिवशी दिसते. ओस घराचे कौल फक्त पावसाला दिसते.

आता काम कसे करावे ते सांगतो. आधी छप्पर, मग भिंत, सर्वांत शेवटी जमीन व रंग. पुष्कळजण रंगापासून आरंभ करितात आणि पहिल्याच पावसात पैसे पाण्यात घालवितात. वाशाचे टोक कुजले म्हणून सगळा वासा फेकण्याचे कारण नाही. कुजका भाग कापून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा सांधा घालून जोडणारे सुतार आपल्याच गावांत आहेत. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने किनाऱ्यावरची कौले पानांसारखी उडविली, तो धडा ध्यानात ठेवून कडेच्या ओळी पक्क्या बांधून घ्याव्या.

भिंतीविषयी तर मोठीच चूक होते. जांभा पाणी पितो आणि उन्हाळ्यात ते सोडतो. त्यावर सिमेंटचा जाड गिलावा थापला म्हणजे आत शिरलेली ओल आतच कोंडते, खारी हवा तिच्यात भर घालते, आणि चिरा आतून भुगा होतो. वरून भिंत गुळगुळीत, आतून पोकळ! आमचे पूर्वज किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करीत आणि त्याच चुन्याने दर्जा भरीत. चुन्याचे काम जाणणारे गवंडी आता म्हातारे झाले आहेत. त्यांच्या हाताखाली दोन तरुण पोरे घाला. घर तर सुधारेलच, पण बुडता धंदाही तरेल.

जुने राखणे म्हणजे काळोख आणि गैरसोय राखणे नव्हे. वीज नव्याने ओढा, न्हाणी व संडास घरात आणा, स्वयंपाकघरास उजेड द्या. आणि ह्या बाबतीत घरातील बायांना आधी विचारा. चुलीचा धूर त्यांनी खाल्ला आहे, तुम्ही नाही. वास्तुशांतीच्या जेवणावळीस जो पैसा बाजूला काढाल त्यातला निम्मा कौलांस घाला, वास्तुपुरुष रागावणार नाही.

घर पाडून नवे बांधू म्हणणाऱ्यांनी आधी नगरपरिषदेत चौकशी करावी. समुद्रालगतच्या बांधकामावर १९९१ पासून किनारा नियमनाचे निर्बंध आहेत. पाडणे एका दिवसाचे काम. परवानगी मिळेपर्यंत मोकळ्या जोत्यावर गवत उगवते.

हिस्सेदारांचा तंटा ही खरी वाळवी. त्यावर औषध कागदाचे. कोणी किती खर्च केला, दुकानाच्या भाड्यातून तो आधी कसा फेडावयाचा, उरलेले कसे वाटावयाचे, हे सर्वांच्या सहीने लिहून नोंदवा. तोंडी भाऊबंदकी कोर्टात जाते आणि घराचे पैसे वकिलाच्या घराला लागतात.

आणि भाडेकरूचे काय? १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० सालच्या आकड्यावर बांधली गेली. मालक म्हणे, एवढ्याशा भाड्यात कौल कोठून आणू? भाडेकरू म्हणे, परक्याच्या घरावर मी का खर्चू? दोघांच्या भांडणात घर बसले. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा जेथे लागू आहे तेथे भाडे दरसाल शेकडा ४ वाढविता येते, आणि दुरुस्तीसाठी जागा रिकामी करून दिलेल्या भाडेकरूस परत येण्याचा हक्क आहे. दोघांनी एकत्र बसून हे वाचावे. दुरुस्तीच्या नावाखाली चाळीस वर्षे बसलेल्या शिंप्यास हाकलून देणे ही दुरुस्ती नव्हे, ती लबाडी आहे. ज्याच्या कात्रीने पेठ चालली त्याला बाहेर काढून भिंती राखल्या तर काय राखले?

घर उभे राहिले म्हणजे पुढच्या दुकानात आपल्याच शेतकऱ्याचा उकडा तांदूळ, सोले, काजू, कुळथाचे पीठ ठेवा. मागे आपण राहा. एखादी खोली जास्त असेल तर सरकारच्या निवास व न्याहारी योजनेची माहिती काढा. पाहुणा येईल, पैसे देईल आणि जाईल. घर तुमचे राहील.

येत्या चतुर्थीस सारे हिस्सेदार एकत्र येतीलच. विसर्जन झाल्यावर एक शिडी आणा, थोरल्याने व धाकट्याने मिळून छपरावर चढावे आणि सरकलेले पहिले कौल सरळ करावे. विक्रीची गोष्ट काढावयाचीच असेल तर ती खाली उतरल्यावर काढा.