शकुनीचे बालपण

शकुनीच्या फाशांची कथा महाराष्ट्रातील बहुतेक घरांत ठाऊक असते. गांधारराज सुबल आणि त्याचे पुत्र कौरवांच्या बंदिवासात पडले, साऱ्यांना मिळून मूठभर अन्न मिळू लागले, प्रत्येकाने आपला घास शकुनीला देऊन प्राण सोडला आणि पित्याच्या अस्थींतून त्याने सूडाचे फासे घडविले, अशी ही कथा. ती इतकी रुजलेली आहे की, व्यासांनीच लिहिली असावी असे वाटते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत मात्र तिचा मागमूस नाही. तेथे शकुनीचे भाऊ कुरुक्षेत्रावर सशस्त्र उभे आहेत आणि त्यांतील काही इरावानाच्या हातून पडतात. बंदिवासात उपाशी मेलेले भाऊ रणांगणावर कसे आले, हा प्रश्न कथा सांगणाऱ्यांना पडला नाही. शकुनी इतका विखारी का, याचे उत्तर त्यांना हवे होते. व्यासांनी ते दिले नाही, म्हणून लोकांनीच रचून घेतले.

दूरचित्रवाणीचा आजचा प्रेक्षक वेगळे काही करीत नाही. झी मराठीवर २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका आली. कोकणातील नाईकांच्या वाड्यात अण्णांचा मृत्यू होतो, तेथून तिचे कथानक सुरू झाले. हा माणूस हयातीत होता कसा, घरावर त्याची एवढी दहशत का, शेवंता कोण, याचे तर्क घरोघरी लढविले गेले. २०१९ मध्ये दुसरा भाग आला तो कथा पुढे नेणारा नव्हता, मागे नेणारा होता. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता यांनी तो इतका लोकप्रिय केला की, लंपट, लोभी आणि खुनशी अण्णा लोकांच्या थट्टामस्करीत जवळच्या नातलगासारखे वावरू लागले. अभिनयाचे हे यश निर्विवाद आहे. मात्र वाड्यातील बायकामुलांनी जे सोसले, ते त्या थट्टेत कोठे उरले नाही.

नागपूरकरांना अधिक जवळचे उदाहरण 'माझ्या नवऱ्याची बायको'चे. २०१६ ते २०२१ अशी ती चालली. तिची नायिका राधिका नागपूरची लेक, त्यामुळे महालातील वाड्यांत काय किंवा धरमपेठेतील सदनिकांत काय, रात्रीच्या जेवणाची ताटे तिच्या वेळेप्रमाणे मांडली जात. (तिची बोली खरी नागपुरी की कसे, हा वाद वऱ्हाडी आणि नागपुरी मंडळींत रंगे, तो निराळा.) गुरुनाथ असा का वागतो, शनाया अशी का झाली, तिच्यावर कोणाचे संस्कार, याची चर्चा भिशीत आणि सायंफेरीत होत असे. गुरुनाथ आणि राधिका यांना अथर्व नावाचा मुलगाही होता. बाप दुसऱ्या स्त्रीसाठी घर मोडतो आहे, आई व्यवसाय उभारण्यात गढली आहे, अशा घरात त्या मुलाचे बालपण कसे जात असेल, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच निघे. ज्यांचे बालपण सरून गेले त्यांच्याविषयी तर्क चालत. ज्याचे बालपण डोळ्यांसमोर चालले होते, तो पडद्याच्या कोपऱ्यात दप्तर घेऊन उभा असे.

मराठी वाचकाला ही सवय साहित्यानेही लावली. शिवाजी सावंतांचे 'मृत्युंजय' १९६७ मध्ये आले, नंतर रणजित देसाईंचे 'राधेय'. टाकलेले मूल म्हणून कर्णाकडे पाहण्याची दृष्टी या कादंबऱ्यांनी दिली आणि त्यात वावगे काही नाही. माणूस वाईट जन्मत नाही, घडतो, ही समजूत समाजाला सहृदय करते. पण कर्णाचे दुःख सांगता सांगता द्यूतसभेतील त्याच्या शब्दांकडे डोळेझाक करणारे वाचकही याच काळात निपजले. व्यासांचा कर्ण तसे करीत नाही. उद्योगपर्वात तो कुंतीला टाकून दिल्याचा जाब रोखठोक विचारतो. त्याच पर्वात कृष्णाजवळ तो सांगतो की, दुर्योधनाला खूश करण्यासाठी पांडवांना जे कटू बोललो, त्याने आज आपले मन पोळते आहे. आपल्या जन्माची सारी कथा तेव्हा त्याला ठाऊक आहे. तरी त्या शब्दांचे खापर तो गंगेत सोडलेल्या पेटीवर फोडीत नाही.

हा विषय केवळ करमणुकीचा नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका सतरा वर्षांच्या मुलाने चालविलेल्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. बालन्याय मंडळाने जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली आणि देशभर संताप उसळला. तो रास्तच होता. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार अशा मुलाची कौटुंबिक पार्श्वभूमी तपासून अहवाल द्यावा लागतो. म्हणजे प्रेक्षक अण्णांविषयी विचारतो तोच प्रश्न कायदाही विचारतो, फरक इतकाच की येथे उत्तर रचून चालत नाही. त्या प्रकरणात उत्तर शोधता शोधता तपास घरापर्यंत पोहोचला. वयात न आलेल्या मुलाच्या हाती मोटार कोणी दिली, हे विचारले गेले. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून आईवडिलांनाही अटक झाली. मालिकेतील बालपणाचा शोध गुन्हेगाराविषयी कणव वाटून थांबतो. प्रत्यक्षातील शोध अखेर थोरांच्या दारी येऊन उभा राहतो, आणि तेथे तो कोणालाच फारसा आवडत नाही.

आज बहुतेक घरांत दूरचित्रवाणीसमोर आजी, सून आणि शाळकरी नातवंड एकत्र बसलेले असते. नातवंडाच्या हाती स्वतंत्र पडदाही असतो. खलनायिकेला लहानपणी माया मिळाली नसेल हो, असे आजी सहज म्हणते. ते वाक्य मूलही ऐकते. आज शाळेत काय झाले, हे त्याला त्या वेळी कोणी विचारीत नाही, कारण जाहिरात लवकरच संपणार असते.

भवभूती हा मूळचा विदर्भातील पद्मपूरचा. त्याच्या 'उत्तररामचरिता'त पित्याविना वाढलेली दोन मुले आहेत. पाचव्या अंकात लव रामाच्या पराक्रमांवर नाव न घेता असे शेरे मारतो की, प्रेक्षकाने चपापावे. आणि भवभूती त्याला अडवीत नाही. सातव्या अंकात तर गंगातीरी नाटकातच नाटक उभे राहते. वाल्मीकींनी रचलेले ते नाटक अप्सरा सादर करतात. टाकून दिलेली सीता गंगेत उडी घेते, तेथेच तिची मुले जन्मतात. ते सारे पाहताना प्रेक्षकांत बसलेला राम मूर्च्छित पडतो. ती मुले त्याचीच असतात.