धुराची किंमत कोणी मोजायची?

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. त्याची वीज साऱ्या महाराष्ट्राला मिळते. राख आणि धूर मात्र भोवतालच्या वस्त्यांच्या वाट्याला येतात. कर्ब उत्सर्जनाला किंमत लावण्याचा वाद दिल्लीत रंगला असला, तरी त्याची कसोटी या धुराखालीच लागावयाची आहे.

जो हवा नासवतो त्याने भरपाई करावी, हे तत्त्व न्यायाचेच आहे. प्रश्न वसुलीचा नसून विनियोगाचा आहे. २०१० साली कोळशावर टनामागे ५० रुपयांचा उपकर बसला. २०१६ मध्ये तो ४०० रुपये झाला. स्वच्छ ऊर्जेच्या नावाने सुरू झालेली ही वसुली २०१७ पासून राज्यांना वस्तू व सेवा करापोटी भरपाई देण्याकडे वळविण्यात आली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये उपकरच संपला. या पैशातून खाणपट्ट्याला काय मिळाले, हे विचारण्याचा अधिकार चंद्रपूरकरांना आहे.

आता करामागून बाजार येत आहे. २०२३ च्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेखाली २०२५ मध्ये सिमेंट व कागद उद्योगांना उत्सर्जनाची लक्ष्ये ठरवून देण्यात आली. हे दोन्ही उद्योग चंद्रपूर जिल्ह्यात आहेत. मात्र औष्णिक वीज केंद्रांना त्या यादीत स्थान नव्हते. २०२२ चे राष्ट्रीय लक्ष्यही नीट वाचले पाहिजे. २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ४५ टक्के घट करावयाची आहे, ती राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर एककामागील उत्सर्जनात. एकूण उत्सर्जन वाढूनही हे वचन पाळता येते. विकसनशील देशाला एवढी मोकळीक हवीच. पण तिचा लाभ कोणाला आणि झळ कोणाला, हे उघड झाले पाहिजे.

त्याच वचनात वने व वृक्ष वाढवून अडीच ते तीन अब्ज टन कर्बवायू शोषण्याची हमी आहे. येथे गडचिरोलीचा संबंध येतो. मेंढा (लेखा) ग्रामसभेला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरी आपला बांबू आपल्या परवान्याने विकण्यासाठी तिला २०११ साल उजाडावे लागले. डोळ्यांना दिसणाऱ्या बांबूची ही कथा, तर न दिसणाऱ्या कर्बाचा मोबदला ग्रामसभेच्या हाती आपोआप पडेल, असे मानणे भाबडेपणाचे होय.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या गावोगाव मांडाव्यात. कर्बाच्या किमतीतून येणाऱ्या रकमेचा निश्चित वाटा खाणपट्ट्यातील आरोग्य, पाणी आणि कंत्राटी कामगारांसह सर्व कोळसा कामगारांच्या पर्यायी रोजगारासाठी कायद्यानेच राखून ठेवावा. ग्रामसभेच्या संमतीवाचून वनाच्या कर्बाचा सौदा होऊ नये. वीजदरवाढीचा बोजा गरिबांच्या घरांवर पडू नये. या अटी मान्य होईतो कर्बाच्या किमतीला दिलेला पाठिंबा सशर्तच राहिला पाहिजे.