यातला माणूस पोटासाठी काय करतो?

कादंबरी हातात आली की मी आधी एकच गोष्ट बघतो. यातला माणूस पोटासाठी काय करतो? प्रेम, मरण, नियती सगळं मागनं. समीक्षक लोक आधी शैली बघतात, घाट बघतात, मग कुठल्या तरी फ्रेंच माणसाचं नाव घेतात. त्यांचं त्यांना लखलाभ. मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार, तोही कंत्राटी. दिवसभर पोलादाच्या कॉइली बघून आलेला माणूस पुस्तकात शोधणार काय? इथं तरी कुणी राबतंय का, एवढंच.

१९५८ साली दादरला पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनाला अण्णाभाऊ साठे. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही, राबणाऱ्या दलितांच्या तळहातावर तरलेली आहे, अशा अर्थाचं ते बोलले. आपल्या सभेत या वाक्याला हमखास टाळ्या पडतात. टाळ्या पुरे झाल्या. तो तळहात मराठी कादंबरीत कुठं आहे ते शोधू या, असं ठरवून मी वर्षभर हाताला लागेल ते वाचत सुटलो. दादरच्या ग्रंथसंग्रहालयातलं, सहा डिसेंबरला शिवाजी पार्कच्या स्टॉलवर घेतलेलं, फाउंटनच्या फुटपाथवरचं. आपले काही दोस्त म्हणतात, बामणाच्या कादंबऱ्या वाचायच्या कशाला? अरे, हजेरीची वही मुकादमाचीच असते. म्हणून आपलं नाव लागलंय का ते आपण बघत नाही?

शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ ची. परळच्या आमच्या चाळीत ज्या घरात एकच पुस्तक असेल ते हे. कर्णाला सूतपुत्र म्हणून हिणवतात तेव्हा बाया-पुरुष सगळे रडतात. मीही रडलो, खोटं कशाला बोलू. पण डोळे पुसल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला. हे रडणं कुणासाठी? कर्ण मुळात कुंतीचा, म्हणजे वरचा, आणि वाढला सारथ्याच्या घरात. ही त्याची शोकांतिका! मग जो खराच सारथ्याचा पोरगा आहे त्याचं काय? तो आहे की कादंबरीत. शोण, कर्णाचा धाकटा भाऊ. सावंतांनी त्याला बोलायला एक अख्खा भाग दिलाय. आणि तो सांगतो कुणाचं, तर दादाचं. शोणासाठी आमच्या चाळीत कुणी रडल्याचं ऐकलं नाही. अधिरथ घोडे जुंपतो, रथ हाकतो. त्या कामात लाज आहे हे आधीच मान्य करून टाकल्याशिवाय कर्णाचं दुःख उभंच राहत नाही. आपल्यालाही कुणीतरी येऊन सांगतो, तुम्ही मूळचे क्षत्रिय. ही त्याच दुकानातली मिठाई. मूळचे कोण ते राहू दे बाबा, आजचे कोण ते बोल.

रणजित देसाईंची ‘स्वामी’ लवकर उरकली. भाषा साजूक तुपातली. माधवराव झिजत जातात ते चांगलं लिहिलंय. पण रमाबाई सती जाते तिथं सगळे हात जोडतात आणि माझा हात काही जोडला जाईना. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू होता, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिभेद निर्मूलना’त लिहून ठेवलंय. ते मडकं मला या शनिवारवाड्याच्या आसपास कुठं दिसलं नाही.

आता बाबूराव अर्नाळकर. हसू नका. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या या माणसानं. काळा पहाड, झुंजार, धनंजय. पोटाचा धंदा कुणाचाच धड कळत नाही, सगळे नुसते पाठलाग करतात. पण माझा आजा गिरणीत होता, शाळा चौथीत सुटलेली. त्याची जोडाक्षरं काळ्या पहाडावर पक्की झाली. रात्रपाळीहून येऊन तो जिन्यात दिव्याखाली वाचत बसायचा. ‘स्वामी’नं गिरणगावात किती लोकांना वाचायला शिकवलं? म्हणून अर्नाळकरांना मी समीक्षकांच्या हवाली करणार नाही.

‘कोसला’बद्दल आपल्याकडे दोन तट आहेत. मी मधेच उभा. पांडुरंग सांगवीकरचा कंटाळा मला परवडत नाही. बापाची मनीऑर्डर येते, पोरगा ती पुण्यात उडवतो आणि वर सगळं निरर्थक म्हणतो. आम्ही एक पाळी चुकवली तर निरर्थक काय ते संध्याकाळी चुलीपाशी कळतं. पण त्याची धाकटी बहीण देवीनं मरते ती पानं वाचताना मी पुस्तक मिटून गच्चीत गेलो. तिथं नेमाडे कुणाच्या जातीचे राहत नाहीत.

भाऊ पाध्यांची ‘वासूनाका’ १९६५ ची. आचार्य अत्रे तुटून पडले होते, अश्लील म्हणून. पोक्या आणि त्याची टोळी जे बोलते ते गिरगावापासून लालबागपर्यंत कुठल्याही नाक्यावर ऐकू येतं. भाषेला माझी शंभर टक्के हजेरी. पण नाक्यावर दिवसभर उभं राहायला घरात कुणीतरी पगार आणणारं लागतं, ते माणूस मात्र मागं घरातच राहिलं. जयवंत दळवींच्या ‘चक्र’मध्ये तर झोपडपट्टीच आहे. भूक आहे, वासना आहे, रोग आहे, सगळं आहे. पण आपल्या वस्त्या रोज पहाटे उठून या शहराचं काम करायला बाहेर पडतात. लेखकाची नजर रात्रीच्या अंधारात जेवढी रमते तेवढी त्या पहाटेत रमत नाही. पांढरपेशाला झोपडीतला संभोग दिसतो, झोपडीतला डबा दिसत नाही.

अनंत सामंतांची ‘एम टी आयवा मारू’ मी हपापल्यासारखी वाचली. शेवटी आपल्या वासाचं काहीतरी! जहाज, तेल, लोखंड, वादळ. हा माणूस दर्या जवळनं बघून आलाय हे पानोपानी कळतं. काम कसं असतं, त्यानं माणूस आतनं कसा किडतो, हे इथं आहे. पण जहाजाचं जग जहाजावरच राहतं. धक्का लांबनं दिसणार. आणि आम्ही धक्क्यावर.

या धक्क्यावरच एक कादंबरी पडून आहे, कुणी उचलत नाही. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं जहाज. पोटात कापसाच्या गासड्या, शेजारी दारूगोळा आणि सोन्याच्या विटा. दुपारी आग लागली आणि दोन स्फोटांत गोदी उडाली, आजूबाजूची वस्ती जळाली, शेकडो माणसं मेली. त्या दिवशी बाबासाहेबांना त्रेपन्न वर्षं पूर्ण झाली होती आणि व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं त्यांच्याकडे होतं. गाळातनं सोन्याच्या विटा पुढं कित्येक वर्षांनी निघाल्या, त्यांचा हिशेब लागला. मेलेल्या माणसांचा आकडा मात्र एका पुस्तकात एक, दुसऱ्यात दुसरा. कापूस आणि दारूगोळा एका जहाजात भरायचं कुणी ठरवलं आणि उतरवायला कुणाचे हात लागले, सांगा, याहून मोठी कादंबरी कुठली?

आता आपल्या माणसांकडे येतो. काहींना राग येईल, येऊ दे. ‘फकिरा’ १९५९ ची, अण्णाभाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. दुष्काळात वस्ती मरायला लागते तेव्हा फकिरा धान्य लुटतो. इथं पोट हेच कथानक आहे, म्हणून ती मला ‘मृत्युंजय’पेक्षा मोठी वाटते. पण फकिरा इतका शूर, इतका घोड्यावर, की दोर वळणारा साधा मांग त्याच्या सावलीत जातो. मला तोही पाहिजे. बाबूराव बागुलांची ‘सूड’ १९७० ची, अंगानं लहान. वेश्येच्या पोटची जानकी बाईपणच नाकारायला निघते. तिच्या आईचा धंदा हेच इथं काम आहे आणि बागूल त्यावर पडदा टाकत नाहीत, चवीनं बघतही नाहीत. वाचून दोन रात्री झोप नव्हती.

मग आपण कविता ढिगानं लिहितो, आत्मकथनं लिहितो, कादंबऱ्या एवढ्या थोड्या का? ढसाळांनीसुद्धा १९८१ साली ‘हाडकी हाडवळा’ लिहिली, पण आपण सगळे ‘गोलपिठा’च पाठ करतो. विद्वान म्हणतील, आपला पिंडच कवितेचा. झूट आहे. कविता जेवणाच्या सुट्टीत होते, बिडीच्या पाकिटावर मावते. कादंबरीला टेबल लागतं, दार लागतं, ते आतनं लावता यावं लागतं आणि चार महिने कुणी कामाला हाक मारता कामा नये. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं असताना चारशे पानं लिहून दाखवा, मग पिंडाचं बोलू. त्या गोदीच्या कादंबरीची माझी एकवीस पानं झालीत. एकवीस, दीड वर्षात.

आणि हो, ‘सूड’ माझ्याकडनं मागच्या बैठकीला कुणीतरी नेलीय. ज्यानं नेली त्यानं पावसाच्या आधी परत आणून द्यावी, मला परत वाचायचीय.