तासांचे माप आपल्या हाताने घ्यावे

व्यापारी बंधूंनो, कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. तागा दुकानात आला की त्याच्या चिठ्ठीवर किती मीटर लिहिले आहेत ते आम्ही वाचतो, पण पैसे देतो ते टेबलावर मोजून झाल्यावरच. रंग पक्का आहे असे सांगितले तर तुकडा पाण्यात भिजवून पाहतो. सूत शुद्ध आहे असे सांगितले तर धागा जाळून वास घेतो. यात समोरच्यावर अविश्वास नसतो. तिजारतीची रीतच तशी आहे. असे असताना चाळीस-पन्नास हजारांचा लॅपटॉप घेताना आम्ही फक्त खोक्यावरची चिठ्ठी वाचून पैसे मोजले आणि त्याची किंमतही चुकती केली. तो अनुभव इथे सांगतो.

खोक्यावर छापले होते, बॅटरी १२ तासांपर्यंत चालेल. पुतण्याला वसुलीसाठी मालेगावहून रात्रीच्या बसने अहमदाबादला पाठवायचे होते. तो चार्जर पिशवीत भरू लागला तेव्हा आम्हीच म्हणालो, "बारा तास चालतो, ओझे कशाला नेतोस?" त्याने बसमध्ये आणि सकाळी लॉजवर बसून थकलेल्या बिलांचा मेळ घातला. दुपारी पार्टीच्या पेढीवर खाते उघडून दाखवू लागला आणि पडदा काळा पडला. शेठ म्हणाले, हिशेब पाहिल्याशिवाय पैसे कसे द्यायचे, पुढच्या महिन्यात या. वसुली महिनाभर लांबली. त्या महिन्यात सूतवाल्याला आम्ही तोंड कसे दाखवले ते आमचे आम्हाला माहीत.

पुतण्या परत आला तेव्हा आम्ही त्याला चार लोकांसमोर बोललो, की तू रात्रभर सिनेमे पाहिले असशील. तो काही बोलला नाही. पण आमच्या मनाला ते लागून राहिले. शेवटी ठरवले, की जे कापडाला करतो तेच या यंत्राला करावे.

बॅटरी पूर्ण भरली, चार्जर काढून कपाटात ठेवला आणि दुकानातले रोजचे काम त्याच यंत्रावर केले. बिले, खतावणी, मेल, मोबाइलवरून घेतलेले इंटरनेट, सगळे नेहमीसारखे. दुकान रस्त्याला लागून असल्याने पडद्याचा उजेडही पूर्ण ठेवावा लागतो, तो तसाच ठेवला. सुरू केल्याची आणि बंद पडल्याची वेळ वहीत लिहिली. बुधवारी ५ तास ५० मिनिटे, गुरुवारी ५ तास २५ मिनिटे, मधला सुटीचा शुक्रवार सोडून शनिवारी ५ तास ४५ मिनिटे. सरासरी ५ तास ४० मिनिटे. मुलाने सिनेमे पाहिले नव्हते. त्याच चार लोकांसमोर आम्ही त्याची माफी मागितली.

मग कंपनी खोटे बोलली काय? आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, म्हणून इंग्रजीतले बारीक अक्षर घरातल्या मुलांकडून वाचून घेतले. उर्दूत ज्याला 'तक' म्हणतात आणि मराठीत 'पर्यंत', सारी गोम त्या एका शब्दात आहे. पुष्कळ कंपन्या हे तास मोजतात ते पडद्याचा उजेड कमी ठेवून आणि एकच चित्रपट सतत चालवून. चित्रपट दाखवण्यासाठी यंत्रात वेगळी सोय असते, तिला वीज कमी लागते. गंमत म्हणजे चित्रपट पाहिले असते तर बॅटरी जास्त चालली असती! दहा खिडक्या उघडून, इंटरनेट जोडून हिशेब करणाऱ्याचे काम वेगळे आहे. अॅपलने २०२२ साली काढलेल्या एम-२ मॅकबुक एअरचे उदाहरण घ्या. चित्रपटासाठी १८ तासांपर्यंत आणि वायरलेस इंटरनेटसाठी १५ तासांपर्यंत, असे दोन आकडे कंपनीनेच दिले होते. यंत्र एक, बॅटरी एक, पण काम बदलले की तीन तासांचा फरक. ठळक अक्षरांत मात्र बहुधा मोठा आकडाच येतो.

आमच्या वाचकांनी एक साधा हिशेब ध्यानात ठेवावा. बॅटरीत किती वीज मावते ते वॅट-तासांत लिहिलेले असते. ती पाण्याची टाकी समजा. आमच्या यंत्राची टाकी ४२ वॅट-तासांची. १२ तास चालायचे तर यंत्राने साडेतीन वॅटच वीज खाल्ली पाहिजे. आमच्या कामात ते साडेसात वॅटच्या आसपास खाते. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणून पाहिले तर तीच बॅटरी सात तासांपर्यंत गेली. म्हणून खरेदीच्या वेळी दुकानदाराला तास विचारू नका, वॅट-तास विचारा. दोन यंत्रांची तुलना करताना हा आकडा जास्त प्रामाणिक आहे.

परीक्षा घेताना दोन गोष्टी पाळाव्यात. 'इतके तास शिल्लक' असे यंत्र दाखवते त्यावर जाऊ नये. तो अंदाज त्या घडीच्या खर्चावरून काढलेला असतो आणि काम बदलले की तोही बदलतो. दुसरे म्हणजे एका दिवसावर निकाल देऊ नये, निदान तीन वेळा मोजावे.

बॅटरीही कापडासारखी वापराने विरते. अॅपल आपल्या अलीकडच्या लॅपटॉपच्या बॅटरीला १,००० फेऱ्यांची मर्यादा सांगते. तोवर मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्के उरावी अशी अपेक्षा असते. त्या मापाने आमचे ५ तास ४० मिनिटे पुढे साडेचार तासांवर येतील. म्हणून आजची गरज पाच तासांची असेल तर पाच तासांचे यंत्र घेऊ नये. उन्हाने बॅटरी लवकर खराब होते. अॅपलच्याच सांगण्याप्रमाणे लॅपटॉप १० ते ३५ अंशांत वापरावा, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात उभ्या गाडीत यंत्र ठेवू नये. दिवसभर चार्जर लावूनच काम असेल तर बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय बऱ्याच यंत्रांत असते, ती चालू करावी.

आता मुख्य मुद्दा. ही परीक्षा आम्ही घेतली तेव्हा यंत्र परत करण्याची मुदत संपली होती. दुकानदाराने हात वर केले आणि त्याच्या परीने ते बरोबरच होते. माल बदलून देण्याची मुदत पुष्कळदा सात-दहा दिवसांचीच असते. म्हणून परीक्षा पहिल्याच आठवड्यात घ्यावी. कायद्याचीही एक गोष्ट माहीत असावी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे आणि फसव्या जाहिरातीविरुद्ध त्यात तरतूद आहे. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. पण व्यापारी कामासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार या कायद्याने 'ग्राहक' ठरत नाही. स्वतः राबून पोट भरण्यापुरता माल घेणारा कारागीर मात्र ग्राहक ठरतो. म्हणजे आमच्यासारख्या पेढीवाल्याला हा दरवाजा बहुधा बंदच. त्याने तर आधीच मोजून घ्यावे.

कंपन्यांकडे आमचे एकच मागणे आहे. खोक्यावर चित्रपटाचे तास छापता, त्याच अक्षरांत कामाचे तासही छापा, आणि पडद्याचा उजेड किती ठेवून मोजले तेही लिहा. आमच्या ताग्यात अर्धा मीटर कमी भरला तर गिऱ्हाईक तागा तोंडावर फेकते, आणि ते योग्यच करते. सहा तास कमी भरले तर 'पर्यंत' म्हणून सुटका का व्हावी?

तोवर आपण आपले काम करावे. नवे यंत्र आणाल त्याच दिवशी वहीत तारीख टाका, मुदत कधी संपते ते लिहा आणि दुसऱ्या सकाळपासून मोजायला बसा. आणि घरातल्या मुलाला बोल लावण्याआधी एकदा घड्याळ लावून पाहा.