माप हेही आयुधच

आज खंडेनवमी. लेथवर झेंडूची माळ चढेल, सुताराच्या रंध्याला आणि करवतीला हळदकुंकू लागेल. या सोहळ्यात फूटपट्टी, गुण्या, व्हर्नियर, मायक्रोमीटर ही मंडळी मात्र बहुधा कोपऱ्यातच राहतात. हत्याराची धार गेली की काम अडते, म्हणून ती तत्काळ ध्यानात येते. माप बिघडले तर काम अडत नाही; ते बिनबोभाट चुकत राहते.

अगदी तंतोतंत माप या जगात कोणालाच साधत नाही. म्हणूनच कारागिराने चूक किती चालेल हे आधी ठरवावे लागते. सागवानी दार वैशाखात चौकटीत घट्ट बसवले, तर आषाढात ते अडकणारच. लाकूड दमट हवेत रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. जाणता सुतार तेवढी फट मुद्दाम राखतो. त्याच्या तोंडी अजूनही ‘सूत’ असते, म्हणजे इंचाचा आठवा भाग. आणि दाराला तो हिशेब पुरतो.

लोखंडाची गोष्ट निराळी. २५ मिलिमीटर व्यासाच्या ‘एच-७’ वर्गातील दांड्याला अवघी ०.०२१ मिलिमीटरची मुभा असते, तीही उणे बाजूला. पोलादाची मापे २० अंश सेल्सिअसला खरी धरतात. याहून ४० अंशांनी तापलेला दांडा लेथवरून उतरवताच मोजला, तर निवल्यावर तो सुमारे ०.०११ मिलिमीटरने आकसतो. म्हणजे निम्मी मुभा केवळ घाईने खाल्ली!

आमच्या मते दोष दोन्हीकडे आहे. ‘चालतंय, बसेल’ म्हणणारा फिटर बेअरिंगचे आयुष्य घटवतो. आणि जिथे गरज नाही तिथे शतांशाचा हट्ट धरणारा आरेखक वेळ व पैसा वाया घालवतो. नाकारलेल्या मालाचा फटका मात्र बहुधा लहान कारखानदाराला आणि त्याच्या कामगाराला बसतो. नव्या यंत्रासाठी कर्ज काढणारे मालक गेज तपासून घेण्याच्या खर्चाला का कचरतात, हे आम्हांस कोडेच आहे.

अज्ञानही कमी नाही. मोजपट्टीच्या टोकाची आकडी किंचित हलते, म्हणून कित्येक जण ती ठोकून घट्ट करतात. वास्तविक ती स्वतःच्या जाडीइतकी सरकावी, अशीच तिची योजना असते. त्यामुळेच आतून व बाहेरून घेतलेली मापे जुळतात.

तेव्हा आज पूजेला बसण्यापूर्वी एवढे करावे: व्हर्नियरचे जबडे पुसून मिटावेत आणि शून्य शून्यावर येते का ते पाहावे. गुण्या सरळ कडेच्या फळीला लावून रेघ ओढावी, मग उलटा करून त्याच जागी पुन्हा ओढावी. दोन्ही रेघा एक झाल्या तर तो खरा. या दोन मिनिटांच्या तपासणीएवढी दुसरी पूजा आयुधांना आवडेल, असे आम्हांस वाटत नाही.

सर्व कारागीर बंधुभगिनींना खंडेनवमीच्या आणि उद्याच्या विजयादशमीच्या शुभेच्छा!