पायलट व्हायचंय? आधी रंग तपासा

बारावी सायन्सनंतर मुलाला किंवा मुलीला पायलट करायचे, तर खर्च लाखांत जातो. जमीन किंवा दागिने काढण्याआधी त्यांची रंगदृष्टी तपासून घ्या. चष्मा असला तरी पायलट होता येते. लाल-हिरव्यातला फरक कळत नसेल, तर मात्र वैद्यकीय तपासणीतच गाडी अडते.

धावपट्टीशेजारी ‘पापी’ नावाचे चार दिवे असतात (नावावर जाऊ नका!). उतरताना दोन पांढरे, दोन लाल दिसले तर उंची बरोबर. चारही लाल म्हणजे विमान फार खाली. रेडिओ बंद पडला, तर टॉवरवरून लाल-हिरव्या प्रकाशानेच इशारा मिळतो.

हा दोष बहुधा जन्मजात असतो. मुलींत क्वचित, मुलांत जास्त. मुलाकडे तो आईकडून येतो, पण आईला स्वतःला सहसा सगळे रंग नीट दिसतात. नानांना हा दोष असेल, तर मुलीच्या प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. यात आईचा काय कसूर? घरात तिला बोल लावणे सरळ अन्याय आहे.

नेत्रतज्ज्ञ इशिहाराची ठिपक्यांची पाने दाखवून काही मिनिटांत सांगतात. दहावीतच दाखवून घ्या. पुढे डीजीसीएमान्य डॉक्टरांकडे क्लास 2 आणि मग क्लास 1 तपासणी होते. ती पार पडेपर्यंत फ्लाइंग स्कूलला मोठी रक्कम देऊ नका. ‘रंग दिसवणारी’ भिंगे लावून ही तपासणी देता येत नाही. एअर ट्रॅफिक कंट्रोलरलाही रंगदृष्टीची अट आहे.